हवानाच्या धक्क्यावरून चाळीच्या अंगणात : सी. रामचंद्र आणि रुंबाचा ठेका

इंदूर शहरात पश्चिमेची नवी कला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन वाटांनी आली. पहिली वाट राजवाड्याची होती. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग हा प्रासाद उभारून घेतला. त्यासाठी युरोपातील नामवंत कलावंतांकडून सामान आले. ब्रांकुशीसारख्या शिल्पकाराची शिल्पे महाराजांनी संग्रही घेतली. ते सारे अपूर्व होते, परंतु त्याच्या दाराशी पहारा होता. दुसऱ्या वाटेवर पहारा नव्हता. ती तबकडीतून, चित्रपटगृहातून आणि पुढे रेडिओतून गल्लीबोळांत शिरली. माणिकबागेचा आराखडा तयार होत होता त्याच सुमारास, २८ सप्टेंबर १९२९ रोजी, इंदूरच्या शीख मोहल्ल्यात मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या घरी लता मंगेशकर यांचा जन्म झाला. काही वर्षांनी याच शहरातील ख्रिश्चन कॉलेजात खांडव्याचा आभास गांगुली, म्हणजे पुढचा किशोर कुमार, शिकण्यासाठी आला.

इंदूरशी नाते असलेल्या या दोन कंठांना परदेशी नृत्याच्या ठेक्यावर गायला लावणारा संगीतकार मात्र इंदूरचा नव्हता. तो नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा होता आणि त्याच्या वाद्यमेळात बसलेले वादक बहुतांशी गोव्याचे होते. रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांचे चरित्र सांगताना त्यांच्या रागदारी चाली, देशभक्तिपर गीते आणि भावगीते यांचा उल्लेख नेहमी होतो. लॅटिन अमेरिकेतील नृत्याचा ठेका त्यांनी मराठी आणि हिंदी रसिकांच्या अंगवळणी कसा पाडला, ही गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते. गोमंतकीय वाचकांसाठी ती घरची गोष्ट आहे.

हमालांचे नृत्य

रुंबाचा जन्म क्युबा बेटावर झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज एकोणिसाव्या शतकात हवाना आणि मातान्सास या बंदरांत हमाली करीत. दिवसभराच्या कष्टानंतर वस्तीच्या अंगणात त्यांचा मेळ जमे. ढोल हाताशी नसला तर मालाच्या रिकाम्या लाकडी पेट्यांवर ते ठेका धरीत. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून ताल राखला जाई. एका आवर्तनात पाच आघात, अर्ध्या भागात तीन आणि उरलेल्या अर्ध्यात दोन, अशी त्याची बांधणी. वरच्या थरातील लोकांना हा प्रकार असभ्य वाटे.

१९३० साली डॉन आस्पियासू यांचा हवानातील वाद्यवृंद न्यूयॉर्कला पोहोचला आणि त्यांनी शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. वास्तविक ते गाणे क्युबातील ‘सोन’ या दुसऱ्या गीतप्रकाराच्या जवळचे होते. पण बाजारात ते रुंबा म्हणून गेले आणि अमेरिका व युरोप त्या ठेक्याने वेडे झाले. पुढे लंडनमध्ये नृत्यशिक्षकांनी त्याच्या पावलांना शिस्त लावली, नियम ठरवले. चा-चा-चा, सांबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह यांच्यासह रुंबा हे आज बॉलरूमच्या स्पर्धांमधील पाच लॅटिन नृत्यांपैकी एक आहे. या पाचांत ते सर्वांत संथ. त्यातील कमरेची हालचाल वेगळी मुद्दाम करावी लागत नाही. वाकवलेला गुडघा सरळ करीत शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेला की ती आपोआप उमटते. त्यात घाई नाही, उड्या नाहीत; एक पाऊल टाकण्यापूर्वीचा किंचित विलंब आहे. त्या विलंबातच त्याचे आकर्षण आहे.

अशा रीतीने धक्क्यावरच्या मजुरांचे नृत्य सुटाबुटातल्या लोकांच्या दिवाणखान्यात गेले. मुंबईला ते आले तेही याच वेषात, मोठ्या हॉटेलांच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर. तिथे नाचणारे साहेब, संस्थानिक आणि धनिक होते. वाजवणारे होते गोव्याचे.

पुणतांब्याचा मुलगा

रामचंद्र चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांबे येथे झाला. गोदाकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना परिचित आहे. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी गायनाचे धडे घेतले. ही परंपरा पलुस्करांची, काटेकोर शिस्तीची. तिथे घडलेला विद्यार्थी एक दिवस हवानाच्या ठेक्यावर चाली बांधील, असे त्या वेळी कुणाला वाटले नसेल.

त्यांना ओढ होती पडद्याची. १९३५ च्या ‘नागानंद’ चित्रपटात नायकाची भूमिका मिळाली, पण चित्रपट चालला नाही. मुंबईत सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असताना तेथील संगीतकारांना पेटीवर साथ करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. अभिनेता होण्याचे स्वप्न मागे पडले आणि संगीतकार घडू लागला. याच काळात त्यांची मैत्री भगवान आभाजी पालव या तरुणाशी जमली. भगवान हे गिरणी कामगाराचे पुत्र, मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांतून पुढे आलेले. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या तमिळ चित्रपटांना रामचंद्रांनी संगीत दिले आणि १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीत पाऊल टाकले. चितळकर आडनावाचा ‘सी’ झाला. मात्र स्वतः गाताना त्यांनी चितळकर हेच नाव राखले.

पाश्चात्त्य नृत्यसंगीताकडे ते कुतूहलाने पाहत होते. बेनी गुडमन या अमेरिकी क्लॅरिनेटवादकाचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९४७ च्या ‘शहनाई’मध्ये गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांचा मेळ घालून त्यांनी एक खेळकर गाणे केले आणि ते देशभर गाजले. त्या यशामुळे त्यांना हवे ते प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली. पण परदेशी ठेका नुसता ऐकून उतरत नाही. तो अंगात मुरलेली माणसे जवळ असावी लागतात. ती माणसे त्यांना मुंबईतच भेटली.

कूडातून ध्वनिमुद्रणालयात

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. प्रार्थनासंगीतासाठी दिलेले ते शिक्षण पुढे पोटापाण्याचे साधन ठरले. गोव्यात रोजगार नव्हता; म्हणून बोटीवर, लष्कराच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या पदरी, हॉटेलांत, जिथे वाद्य वाजवणारा हवा असेल तिथे गोमंतकीय तरुण गेला. मुंबईत धोबी तलावच्या परिसरातील आपल्या गावाच्या कूडात पथारी टाकायची आणि रात्री इस्त्रीचा सूट चढवून हॉटेलच्या मंचावर उभे राहायचे, असे अनेकांचे आयुष्य होते.

परक्या संगीताला आपल्या मातीत रुजवणे गोमंतकीयांना नवीन नव्हते. युरोपीय नृत्यमेळाव्यांच्या सुरावटींना कोंकणी शब्दांची आणि आपल्याकडच्या आर्ततेची जोड देऊन त्यांनी मांडो घडवला होता. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला आणि त्यानंतर मुंबईत जाझचे युग सुरू झाले. गोव्याच्या वादकांनी या कलावंतांकडून जाझ आत्मसात केला, तबकड्यांवरून रुंबा आणि सांबा उचलला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले अग्रणी. ट्रम्पेटवरील प्रभुत्वामुळे त्यांची तुलना लुई आर्मस्ट्राँग यांच्याशी होई. चिक चॉकलेट या नावाने ते प्रसिद्ध होते आणि ताजमध्ये त्यांच्या वाद्यवृंदाला मानाचे स्थान होते.

१९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मुंबईतील रात्रीच्या मैफली ओसरू लागल्या. हॉटेलातील वादक चित्रपटसृष्टीकडे अधिक संख्येने वळले. तिथे त्यांची गरज होतीच. आपले संगीतकार पेटीवर चाल बांधून ती गाऊन दाखवीत. पण चाळीस-पन्नास वाद्यांनी एकाच वेळी नेमके काय वाजवायचे, हे कागदावर लिहून देणारा कुणी तरी हवा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा अशा गोमंतकीयांनी ते काम केले. चाल संगीतकाराची, तिच्याभोवतीची वाद्यरचना बऱ्याचदा या मंडळींची. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच झळकली. चित्रपटसंगीताच्या इतिहासातील ही उणीव अजून पुरती भरून निघालेली नाही.

‘अलबेला’चा चमत्कार

१९५० च्या ‘समाधी’ चित्रपटातील ‘गोरे गोरे’ हे गाणे लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायिले. त्याची चाल एका गाजलेल्या लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून घेतलेली होती. हॉलिवूडच्या पडद्यावर ते गाणे कार्मेन मिरांडा यांनी गायिले होते. त्या जन्माने पोर्तुगीज, वाढल्या ब्राझीलमध्ये. एक सुरावट समुद्र ओलांडून आली आणि पोर्तुगीज राजवटीतच संगीत शिकलेल्या गोमंतकीयांच्या शहरात तिला हिंदी शब्द मिळाले.

उसनी चाल घेणे एक आणि त्या ठेक्यात स्वतःची चाल सुचणे वेगळे. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, भगवान यांनी ‘अलबेला’ निर्माण केला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तेच. नायिका गीता बाली. गीते राजेंद्र कृष्ण यांची. ‘शोला जो भडके’ या गाण्यात बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांनी रुंबाच्या वळणाचे वातावरण उभे केले. पण त्यावर विसावलेली सुरावट भारतीय कानाला परकी वाटत नाही. लताबाईंचा आवाज आणि चितळकरांचा आवाज त्या लयीवर अगदी सहज चालतात. याच चित्रपटात त्यांनी बांधलेली अंगाईदेखील आहे आणि ती तितकीच लोकप्रिय झाली. विनायकबुवांच्या तालमीत तयार झालेला कान सुरावटीशी तडजोड करीत नव्हता. तो फक्त तिच्याखालची जमीन बदलत होता.

ती जमीन आपल्या लोकांना इतक्या लवकर का मानवली, याला एक साधे कारण सांगता येते. आपल्याकडचा केरवा आठ मात्रांचा. भजनापासून लोकगीतापर्यंत तो सर्वांच्या अंगात भिनलेला. लॅटिन ठेक्यांतही आठांचेच आवर्तन असते. मात्र तिथे आठांची वाटणी चार-चार अशी न होता पुष्कळदा तीन-तीन-दोन अशी होते. घर तेच, आतल्या भिंती थोड्या सरकवलेल्या. त्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय समेवर चुकत नाही आणि तरी मधल्या मात्रांत त्याला गोड हिसका बसतो. तबल्याची सवय असलेला श्रोता बोंगोकडे सहज वळला तो यामुळे.

नृत्याचेही तसेच झाले. बॉलरूममध्ये रुंबा नाचायचा तर शिक्षक हवा, जोडीदार हवा, पोशाख हवा. स्थूल बांध्याच्या भगवान यांनी पडद्यावर जे नृत्य केले त्याला यांतले काहीच लागत नव्हते. किंचित वाकलेले गुडघे, हाताची लहानशी फेक, खांद्याची आणि कमरेची संथ लय, चेहऱ्यावर निर्मळ हसू. हे आपल्यालाही जमेल, असे प्रत्येक प्रेक्षकाला वाटले. गिरणगावातील प्रेक्षकाला पडद्यावरचा नायक आपल्यातला वाटला आणि त्यात खोटे काही नव्हते.

याच चित्रपटातील आणखी एका गाण्यात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह झालरींचा लॅटिन पोशाख घालून पडद्यावर दिसतात. एरवी ध्वनिमुद्रणालयाच्या बंद दाराआड राहणारा वादक तिथे काही क्षण सर्वांना दिसला.

दार बंद, खिडकी उघडी

या संगीतावर आक्षेप घेणारे कमी नव्हते. स्वतंत्र भारताने आपली अभिजात परंपरा जपली पाहिजे, ही भावना तेव्हा प्रबळ होती. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी भाषक आणि शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून चित्रपटगीते नाहीशी झाली. पाश्चात्त्य वळणाच्या चालींविषयी त्यांना विशेष नापसंती होती. त्यांचा हेतू प्रामाणिक होता. आकाशवाणीने शास्त्रीय संगीताला दिलेला आश्रय आजही कृतज्ञतेने आठवला जातो. परंतु श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतांना पुन्हा घरचे दार उघडले.

या वादात एक गंमत दडलेली आहे. ज्या पेटीवर रामचंद्र चाली बांधीत तीही मूळची युरोपची. तिलाही आकाशवाणीने १९४० पासून प्रवेश नाकारला होता. पण देवळातल्या कीर्तनापासून नाट्यपदांपर्यंत ती केव्हाच आपली झाली होती. व्हायोलिनही बाहेरूनच आले. कोणती वस्तू परकी आणि कोणती आपली, हे ती कुठून आली यावर ठरत नाही. तिच्यावर आपण काय वाजवतो यावर ठरते. रामचंद्रांनी या वादाला उत्तर दिले ते कामातून. १९५३ च्या ‘अनारकली’मध्ये त्यांनी भीमपलासाच्या आधाराने बांधलेली चाल आजही त्या रागाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ज्या लताबाई ‘अलबेला’त रुंबाच्या लयीवर गायिल्या, त्यांनीच ती गायिली. एकाच संगीतकाराला दोन्ही साधत होते आणि एकामुळे दुसऱ्याला बाधा आली नाही.

विविध भारती सुरू झाली त्याच वर्षी ‘आशा’ हा चित्रपट आला. त्यातील ‘ईना मीना डीका’ या गाण्यात रामचंद्र रॉक अँड रोलकडे वळले. मुलांच्या खेळातील मोजणीवरून त्यांना मुखडा सुचला आणि त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणीतील नकाराचे शब्द मिसळले, असे सांगतात. किशोर कुमार यांनी ते गाणे अशा काही उत्साहाने गायिले की अर्थ नसलेले शब्द देशभर तोंडपाठ झाले. त्यांत आपली कोंकणी आहे, हे गाणाऱ्या कित्येकांना माहीतही नव्हते.

उतरणीचा काळ

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लताबाई आणि रामचंद्र यांच्यात दुरावा आला आणि त्यांचा सहयोग थांबला. १९५९ च्या ‘नवरंग’ने यश दिले, तरी चित्रपटसृष्टीचा कल बदलत होता. चिनी आक्रमणानंतर कवी प्रदीप यांनी हुतात्मा सैनिकांवर लिहिलेल्या गीताला रामचंद्रांनी चाल दिली आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत लताबाईंनी ते गायिले. त्या एका गीताने त्यांचे नाव अजरामर केले. एका अर्थी त्यांच्या खेळकर गाण्यांवर त्याने सावलीही धरली.

पुढे त्यांनी मराठीकडे लक्ष वळवले. ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी स्वर दिले, १९७० च्या ‘घरकुल’मधील त्यांची गाणी मराठी घरांत रुजली. १९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चिक चॉकलेट त्यांच्या आधीच, १९६७ साली, गेले होते. भगवान यांना दीर्घायुष्य लाभले, पण वैभव टिकले नाही. ‘अलबेला’ने दिलेली संपत्ती पुढच्या चित्रपटांत गेली आणि दादरच्या चाळीत २००२ साली त्यांनी अखेरचा श्वास घेतला. गणपतीची मिरवणूक त्या चाळीपुढे आली की थांबे, ‘अलबेला’तले गाणे वाजे आणि लोक भगवानदादांच्या चालीने नाचत, ही आठवण मुंबईकर अजून सांगतात.

रुंबाच्या प्रवासाकडे पाहता ही आठवण फार बोलकी आहे. हवानाच्या हमालांनी रिकाम्या पेट्यांवर धरलेला ठेका न्यूयॉर्क आणि लंडनच्या दिवाणखान्यांत जाऊन सभ्य झाला, महागड्या हॉटेलांच्या पाहुण्यांसाठी मुंबईला आला आणि हळदोण्याच्या ट्रम्पेटवरून, पुणतांब्याच्या पेटीवरून, इंदुरात जन्मलेल्या कंठातून, गिरणी कामगाराच्या मुलाच्या पावलांतून पुन्हा कष्टकऱ्यांच्या अंगणात पोहोचला. युनेस्कोने २०१६ साली क्युबाच्या रुंबाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

इंदूरच्या माणिकबागेतील मौल्यवान सामानाचा १९८० साली मोनॅकोत लिलाव झाला आणि त्या प्रासादात आता सरकारी कचेरी आहे. राजवाड्याच्या वाटेने आलेली कला जगभरच्या संग्राहकांकडे विखुरली. गल्लीच्या वाटेने आलेल्या गाण्यांचा लिलाव कुणाला करता आला नाही. लग्नाच्या वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत, गोव्यातल्या फेस्ताच्या मंडपात आणि इंदूरच्या गल्ल्यांत ती आजही वाजतात. ती वाजतील तेव्हा संगीतकाराबरोबर त्या ट्रम्पेटच्या, बोंगोच्या आणि स्वरलेखनाच्या कागदांमागचे गोमंतकीय हातही आठवावेत. श्रेयनामावलीत राहून गेलेली नावे निदान श्रोत्यांच्या स्मरणात तरी असावीत.